तिसरा रविवार

दर रविवारी सकाळी सिंधीपुऱ्यातल्या आमच्या ओट्यावर माना बसवून घ्यायला रांग लागायची. माझा नवरा दिगंबर आठवडाभर कचेरीत फायली चाळायचा, पण रविवारी बनियनवर ओट्यावर बसला की उस्ताद व्हायचा. माणसाला पाटावर बसवायचा, त्याच्या पाठीला गुडघा लावायचा, एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे. मग गप्पा मारता मारता अस्सा झटका द्यायचा की कडाड् आवाज समोरच्या घरात जायचा. माणूस किंचाळायचा, मान हलवून बघायचा आणि यांच्या पाया पडायचा. त्या सगळ्यांना चहा मी पाजायची. मूर्ख मी, दुसरं काय!

सासऱ्यांपासूनचा नियम होता, मान तीन रविवारांत बसवायची. पहिल्याला सैल होते, दुसऱ्याला जागेवर येते, तिसऱ्याला पक्की. मधेच सोडली तर माणसाला लकवा मारतो, असं हे छातीठोकपणे सांगायचे. दोन झटके खाऊन कुणी घाबरून घरी बसला, तर त्याला चार जण उचलून आणायचे. तो हातपाय झाडायचा आणि रांग हसायची. मीही हसलेय, खोटं कशाला बोलू?

आमची तृप्ती बावीस वर्षांची, शाळेत शिकवते. दोन वर्षं तिची एकच तक्रार. खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की डोक्याच्या मागे कुऱ्हाड घातल्यासारखं दुखतं. मग हातातून वस्तू पडायला लागल्या. खडू, कप, एकदा तर वरणाची भरली वाटी. वाटी पडली तेव्हा मी तिच्या थोबाडीत दिली. "लक्ष कुठंय तुझं?" म्हणाले. त्या थपडेची आठवण झाली की आजही माझी मला चीड येते.

"मान सरकलीय पोरीची," हे म्हणाले. "उस्तादाच्या घरात पोरगी कण्हते, लोक काय म्हणतील?"

पहिल्या रविवारी झटका दिला. दोन दिवस पोरगी ओकत पडली. "सैल झाली," हे म्हणाले. दुसऱ्या रविवारी झटका दिला आणि तृप्ती पाटावरून तशीच खाली घसरली. डोळे सताड उघडे, पाय लुळे. पंधरा मिनिटांनी पाय हलले, तर हे रांगेला सांगतात, "जागेवर आली!" माय वं, तेव्हाच मी पेटून उठायला हवं होतं. पण मी घाबरले आणि गप्प बसले.

मंगळवारी स्वयंपाकघरात करपल्याचा वास आला. मला वाटलं, पोळी. बघते तर तृप्ती मोबाईलवर बोलत उभी आणि डावा हात तव्यावर टेकलेला. मी हात ओढला तर कातडं तव्यालाच चिकटून राहिलं. मी किंचाळले. ती नाही.

"मम्मी," ती हाताकडे बघत म्हणाली, "दर्दच नाही होऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी यांना न सांगता शनवाऱ्याच्या चौकातून भाड्याची गाडी केली आणि तिला इंदूरला नेलं. मेंदूच्या डॉक्टर मृणालमॅडमनी मशीनमध्ये घालून फोटो काढले आणि मला समोर बसवून समजावलं.

"काकू, कवटीच्या तळाला एक भोक असतं. त्यातून मज्जारज्जू पाठीत उतरतो. हिच्या लहान मेंदूचं टोक त्या भोकातून खाली सरकून बसलंय, बाटलीला बूच बसावं तसं. याला कियारी म्हणतात. मेंदूभोवतीच्या पाण्याला खाली-वर व्हायला वाट नाही, म्हणून खोकलं की दाब येतो. आता मज्जारज्जूच्या आतही पाणी साठून पोकळी झालीय, म्हणून हिला चटका कळत नाही."

"मग औषध?"

"औषधानं जागा होत नाही. ऑपरेशन करावं लागेल. कवटीचं मागचं थोडं हाड काढायचं, पहिल्या मणक्याची मागची कमान काढायची, आतलं आवरण उघडून त्याला ठिगळ शिवायचं. जागा झाली की पाणी वाहतं. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण पुढचं नुकसान बहुतेक थांबतं." मग त्यांनी विचारलं, "मानेला कधी झटका बसला होता?"

मी सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. "आता कुणालाही हात लावू देऊ नका. एका झटक्यात श्वास बंद पडू शकतो."

सोमवारी भरती व्हायचं ठरलं. कपडे घ्यायला घरी आलो, तर यांनी आकांडतांडव केलं. "कवटी कापणार? आणि दोन रविवार झालेली मान मधेच सोडणार? लकवा मारेल माझ्या पोरीला!" बोलताना डोळ्यांत पाणी होतं. पोरीवर जीव होता, हाच तर सगळा घोळ.

रविवारी दहाला गाडी येणार होती. मी प्रवासासाठी शेंगदाण्याची चटणी कुटत होते. ओट्यावरून तृप्तीची किंकाळी आली. "पप्पा, नका ना! पप्पा!"

धावले. यांचा चेला गजानन तिचे खांदे दाबून बसलेला, यांचा गुडघा तिच्या पाठीला, हात हनुवटीखाली. रांग बघत होती.

"सोडा तिला! मरेल ती!"

"एक मिनिट," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिसरा आहे. बस."

यांनी बोटं आवळली. माझ्या हातात खलाचा लोखंडी बत्ता होता. मी तो यांच्या मनगटावर हाणला. सोडेनात. दुसरा हाणला, तेव्हा हाड मोडल्याचं मला हातात कळलं, आणि तृप्ती सुटून पुढे कोसळली. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी हाणला. तो इतक्या वर्षांच्या चहाचा होता. गजाननवर धावले, तर तो ओट्यावरून उडी मारून पळाला.

गाडी आली तेव्हा हे मुकाट पुढे बसले, मनगट टॉवेलात गुंडाळलेलं. वाटेत खंडव्याला गाडी थांबवली. तिथल्याच इस्पितळात यांना प्लास्टर घातलं.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"घसरलो," हे म्हणाले.

"हात मी मोडला," मी म्हणाले.

इंदूरला ऑपरेशन चार तास चाललं. मॅडम बाहेर आल्या, नीट झालं म्हणाल्या. हे उठून उभे राहिले. "माझ्यामुळे झालं का हे?"

"आजार जन्मापासूनचा," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या हातून ती त्या दोनपैकी कुठल्याही रविवारी मेली असती."

हे जिन्यात जाऊन मोठमोठ्यानं रडले. मी जवळ गेले नाही.

तृप्ती घरी आली. मानेवर लांब शिवण. खोकलं की आता डोकं दुखत नाही, पण डाव्या हाताला चटका अजून कळत नाही.

पुढच्याच रविवारी बाहेर गलका ऐकू आला. गजानन आमच्या ओट्यावर पाट मांडून बसला होता. समोर एक बाई सांगत होती, "खोकलं का डोक्यामागं फुटतं हो भाऊ. हातबी बधिर झाले."

हे ताटावरून उठले आणि उष्ट्या हातानं बाहेर गेले. गजाननची बोटं बाईच्या हनुवटीखाली होती.

"सोड तिला."

"उस्ताद, तुमचा हात बरा होईतोवर मी चालवतो ना. पहिलाच रविवार आहे हिचा—"

यांनी प्लास्टरचा हात उचलून त्याच्या तोंडावर घातला. दात तुटून पाटावर पडला. पुन्हा घातला. प्लास्टर तडकलं, तरी घालत राहिले. गजानन ओट्याखाली पडला तेव्हा कुठे थांबले. प्लास्टरमधून रक्त टपकत होतं. "बाई, इंदूरला जा," हे धापा टाकत म्हणाले. "डोक्याचा फोटो काढ. इथं पुन्हा येऊ नको." मी दारात उभी होते. अडवायला पुढे झाले नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी नवा फोटो बघून कपाळाला हात लावला. जुळत आलेलं सगळं पुन्हा विस्कटलं होतं, चुरा झाला होता. "ही बोटं आता नीट वळणार नाहीत," ते म्हणाले. "शर्टाचं बटण लावायलासुद्धा दुसरं कुणी लागेल तुम्हाला."

"बरं झालं," हे म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं, यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.