कुंकू लागलेला व्हॉल्व्ह

मी एक जुना व्हॉल्व्ह आहे आणि माझ्या कपाळावर कुंकू आहे. हसू नका, मित्रांनो! साकीनाक्याच्या या गाळ्यात कुणी नवीन माणूस आला की त्याची नजर आधी माझ्यावर पडते. "अरे, याला हे काय लागलंय?" असं म्हणत तो खिशातून रुमाल काढतो. तेवढ्यात मशिनींवरची सगळी माणसं एकदम ओरडतात, "ए भाऊ, हात लावू नको!" बिचारा असा दचकतो की विचारू नका. मला मात्र फार मजा वाटते. मला पुसायचं का नाही, तेच आज सांगतो.

आधी ओळख करून देतो. घरचा नळ फिरवून तुम्ही पाणी बंद करता ना, तेच माझं काम. फरक एवढाच, की मी भल्या मोठ्या दाबाच्या पाण्यासाठी बनलो आहे. अंग स्टेनलेस स्टीलचं, डोक्यावर फिरवायचं चाक, आणि आत असे बारीक आटे की बघत राहावं. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण दुसरं कुणी करेपर्यंत मला दम निघत नाही.

माझा जन्म याच गाळ्यातला. गाळ्याचे मालक श्यामसुंदर, त्यांची बायको शकु आणि लेथ मशिन चालवणारा, कुडाळहून आलेला टर्नर गुणाजी. एके दिवशी नौदलाचं काम आलं. स्टीलचे दोन ठोकळे आणि एक नकाशा. एका ठोकळ्यातून मी होणार होतो. दुसरा माझा जुळा भाऊ, माझ्यात काही बिघडलंच तर असू दे म्हणून दिलेला. तपासणीसाठी नौदलाचे नंदकिशोर साहेब येत. उंच, किडकिडीत, आणि खिशात कायम घडी केलेलं पांढरं फडकं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "कशासाठी आहे, कुठे लागणार आहे, काही विचारायचं नाही." श्यामसुंदर म्हणजे बडबड्या माणूस! पण त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं की म्हणायचे, "नळ बनवतोय रे, नळ."

मला पुढे कळलं, ते तुम्हाला आताच सांगतो. मी होतो देशातच बांधलेल्या, अणुशक्तीवर चालणाऱ्या पहिल्या पाणबुडीसाठी! साध्या पाणबुडीला हवेसाठी सारखं वर यावं लागतं. हिला नाही. ही महिनोन्‌महिने खोल पाण्यात राहू शकते. तिच्या पोटात क्षेपणास्त्रं असतात, आणि ती नेमकी कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे आपल्यावर हात उगारण्याआधी समोरचा शंभरदा विचार करतो. अशी पाणबुडी बांधायला देशातली हजारो माणसं वर्षानुवर्षं राबत होती, आणि त्यांतली बहुतेक टपरीवर नळच बनवत होती.

गुणाजीने मला लेथवर घडवलं. माझी झाकण बसायची जागा त्याने हाताने घासून घासून अशी केली, की पाण्याचा थेंबही निसटू नये. मग मी शकुच्या हवाली झालो. धुणं, पुसणं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळणं तिचं काम. उघडा हात लावायचा नाही, पांढरे मोजे घालायचे, हा साहेबांचा नियम ती इतका पाळायची, की एकदा श्यामसुंदरांनी मला सहज बोट लावलं तर तिने त्यांच्या हातावर चापटी मारली. "अहो, लांबून बघा की!"

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला कारखान्यांत मशिनी बंद असतात. त्यांना धुऊन पुसून हार घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. वर्षभर राबणाऱ्या यंत्रांचा तो मानाचा दिवस. शकु तबक घेऊन सगळ्यांकडे गेली. लेथ झालं, ड्रिल झालं, हातोडीही झाली. शेवटी ती माझ्या टेबलापाशी आली. मी गुंडाळलेला, दुसऱ्या दिवशीच्या तपासणीसाठी तयार. ती क्षणभर थांबली. मग प्लास्टिक सोडून तिने मला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि पुन्हा नीट गुंडाळून ठेवलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरातल्या लेकरासारखा लाड झाला होता माझा.

दुसऱ्या दिवशी नंदकिशोर साहेबांनी फडकं माझ्या अंगावरून फिरवलं. ते पिवळं झालं.

"हे काय?"

"हळदकुंकू, साहेब," शकु हसतच म्हणाली. "काल दसरा ना! सगळ्यांना लावलं, मग हाच एकटा कोरडा कसा ठेवू?"

"हाताने लावलंत?"

"छे हो! मोजे घालूनच लावलं."

साहेब मटकन स्टुलावर बसले. हसावं की रडावं, हे त्यांना कळेना. मग हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, याच्यातून जे पाणी जाईल त्यात दुसरं कणभरही काही चालत नाही. आणि हा बसेल तिथे दुरुस्तीला कुणी धावत येऊ शकत नाही. आत माणसं असतात."

शकुचं हसू गेलं. "धुऊन देते ना. गरम पाण्याने घासून देते."

"वरचं धुतलं जाईल. आट्यांमध्ये शिरलेलं निघालं की आतच राहिलं, हे मी छातीठोकपणे कसं सांगू?"

मी नापास झालो. दुसरा ठोकळा तसाच पडला होता, आणि तो बिघडला तर तिसरा नव्हता. तसं झालं तर कामच गाळ्याच्या हातून जाणार होतं. श्यामसुंदरांच्या तोंडून निघून गेलं, "शकु, वाट लावलीस गं!" बोलल्यावर त्यांनी जीभ चावली, पण उपयोग काय?

शकुने मोजे काढले. कुंकवाचा करंडा उचलून पोटमाळ्यावर अगदी मागे ढकलला आणि म्हणाली, "आजपासून या गाळ्यात कुंकू नाही. माझ्या हाताने कुणाचा जीव जायचा होता."

"वैनीनू, असां काय बोलतास?" गुणाजी बाह्या सरसावत म्हणाला. "दुसरो करूया. हात आसत मां आमचे!"

आणि केला की त्यांनी! माझा भाऊ घडला, माझ्याइतकाच देखणा. बरं, माझ्याहून थोडा जास्त. शकुने त्याला धुतलं, पुसलं, गुंडाळलं, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. साहेबांचं फडकं पांढरं ते पांढरंच राहिलं. भाऊ समुद्राला निघाला आणि मी टेबलाखाली पडून बघत राहिलो. हेवा वाटला का? वाटला! खोटं कशाला बोलू?

नापास माल कापून टाकायचा नियम असतो. गुणाजीने करवत घेतली, पण त्याचा हात काही पुढे जाईना. तेव्हा साहेब म्हणाले, "थांबा. कापू नका. पोरांना शिकवायला मला एक हवाच आहे." त्यांनी रीतसर परवानगी काढली आणि मला घेऊन गेले.

मित्रांनो, माझे खरे सुखाचे दिवस तिथे सुरू झाले! दूरच्या किनाऱ्यावरची ती नाविकांची शाळा. नंदकिशोर साहेब आता तिथे शिकवू लागले होते. ते पोरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचे आणि म्हणायचे, "दिवे गेलेत, धूर झालाय, पाणी आत येतंय. शोधा आणि बंद करा!" मग हात चाचपडत माझ्यापर्यंत यायचे. कुणी मला गुदगुल्या करायचं, कुणी उलटंच फिरवायचं. चारकोपचा विकी तर पहिल्या दिवशी मला सोडून बाजूच्या खुर्चीचा पाय फिरवत बसला. सगळा वर्ग लोळून लोळून हसला. तोच विकी पुढे मला झोपेतही बंद करू शकेल इतका तयार झाला.

एकदा मला खोलून साफ करताना त्याला आट्यांत पिवळी रेघ दिसली. "सर, हे काय?"

साहेबांनी सगळी हकिकत सांगितली. मोज्यांपर्यंत आल्यावर पोरं खदखदून हसली. मग साहेब म्हणाले, "तिला माहीत नव्हतं हा कुठे जाणार. तरी जाणाऱ्याला कोरडं पाठवायचं नाही, एवढं तिला माहीत होतं."

दसऱ्याला विकी कुंकवाची पुडी घेऊन आला. "सर, बोटीवर तर लावता येणार नाही. याला लावू का?"

साहेबांनी थोडा विचार केला. "याला लाव. हा तर नापासच आहे!"

तेव्हापासून रिवाजच पडला. पाणबुडीवर जाणारं प्रत्येक पोर आधी मला कुंकू लावायचं. बंगाली लावायचे, तमीळ लावायचे, पंजाबी पोरं तर मूठभर लावायची. माझा नुसता गणपती झाला होता!

आणि एके दिवशी ती पाणबुडी खरोखर समुद्रात गेली. देशाची पहिली! शाळेत टोप्या उडाल्या, पोरं एकमेकांना मिठ्या मारत नाचली. माझा भाऊ तिच्यात नेमका कुठे बसला आहे, ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. मीही साकीनाक्याचाच आहे. पुढे विकी पाण्याखालून परत आला तेव्हा थेट माझ्याकडे आला. माझ्या चाकावर थाप मारून म्हणाला, "तुझा भाऊ झकास आहे, यार!" सांगतो मित्रांनो, त्या दिवशी माझा उरलासुरला हेवाही गेला.

इतक्या हातांनी फिरवून माझे आटे झिजले. यंदा शाळेत नवा व्हॉल्व्ह आला. नंदकिशोर साहेब निवृत्त होऊन मुलुंडला राहतात. त्यांनी मला मागून घेतलं, कापडी पिशवीत घातलं आणि दसऱ्याच्या सकाळी रिक्षाने थेट इथे आणलं.

गाळा तोच. मशिनींना झेंडूचे हार होते, पण कुंकवाचं बोट कुठेच नव्हतं. शकुचे केस पांढरे झाले होते. साहेबांनी मला टेबलावर ठेवलं तशी ती जवळ आली आणि थबकली. माझं सगळं डोकं लालेलाल.

"आमचो झील परत इलो!" पोटचा मुलगा घरी आल्यासारखा गुणाजी ओरडला.

"याला हे कुणी लावलं?" शकुने विचारलं.

"पोरांनी," साहेब म्हणाले. "पाण्याखाली जाण्याआधी, दर वर्षी. तुमचीच पद्धत आहे वहिनी, ती चालू ठेवली."

"आणि तो दुसरा? माझ्याने त्याला साधं नीट जा असंही म्हणवलं नाही."

"तो कुठे आहे ते अजूनही सांगणार नाही. पण माणसं गेली आणि सुखरूप परत आली, एवढं सांगतो."

शकुने डोळ्यांना पदर लावला. श्यामसुंदर शिडी घेऊन आले. या वयात स्वतः पोटमाळ्यावर चढले, शिंकत शिंकत खाली उतरले आणि करंडा तिच्या हातात ठेवून म्हणाले, "तेव्हा फार बोललो गं मी. लाव आता."

"इतकी वर्षं लागली होय तुम्हाला?" ती रडता रडता हसली.

मग तिने सगळ्या मशिनींना कुंकू लावलं. लेथला, ड्रिलला, हातोडीला. शेवटी ती टेबलापाशी आली. तिथे नौदलाचा एक नवा जॉब, म्हणजे माझ्यासारखाच नुकता घडवलेला व्हॉल्व्ह, गुंडाळून ठेवलेला होता. सगळ्यांनी श्वास रोखला. शकुने दोन्ही हात मागे बांधले, लांबूनच मान लववली आणि म्हणाली, "नीट जा रे बाबा." मग माझ्याकडे वळली आणि माझ्या कपाळावर ठसठशीत दोन बोटं ओढली. "याच्या वाटचंही तूच घे."

तर मित्रांनो, यातलं एक बोट माझं आहे. दुसरं ज्यांना लावता येत नाही, त्यांचं आहे: त्या नव्या जॉबचं, आणि आत्ता कुठेतरी खोल पाण्यात आपलं काम करत असलेल्या माझ्या भावाचं. कधी साकीनाक्याला आलात तर जरूर भेटा, माझं चाक फिरवून बघा, मला गुदगुल्या करा. फक्त रुमाल तेवढा खिशातच राहू द्या.