हवेवर उभा अजगर

अकोल्याच्या मेळ्यातल्या छोट्या आगगाडीचे तिकीट काढण्यापूर्वी कमलाकांत वकिलांनी तिचे सगळे डबे फिरून तपासले. खाली झुलणाऱ्या झालरीमुळे डब्यांमधले सांधे तेवढे दिसले नाहीत. मग पाच वर्षांच्या नातीला, स्वरालीला, शेवटच्या डब्यात बसवून त्यांनी बजावले की समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि आबा ‘सोड’ म्हणेपर्यंत, काहीही झाले तरी, सोडायचा नाही. स्वरालीने गंभीरपणे मान डोलावली. दिलेला शब्द मोडण्याची मुभा त्या घरात कुणालाच नव्हती.

वळणावर गाडी कलली, झालर उडाली, आणि शेवटचा डबा नुसत्या दोरीने जोडलेला त्यांना दिसला.

त्यांनी गाडीवाल्या खुशालरावांना गाठले. खुशालराव म्हणाले की दोरी नायलॉनची आहे, पूर्ण मोसम टिकली आहे. कालपर्यंत न तुटणे हा आज न तुटण्याचा पुरावा होत नाही, असे वकिलांनी ऐकवले. त्यावर खुशालरावांनी विचारले की साहेब मेळ्यात आले आहेत की कोर्टात. तोवर गाडी बोगद्यात शिरत होती. बोगदा म्हणजे पंख्याच्या हवेने फुगवलेला रबरी कापडाचा अजगर.

“आत्ताच्या आत्ता थांबवा.”

“घ्या, थांबवली,” म्हणत खुशालरावांनी वैतागून मुख्य खटका ओढला.

गाडी थांबली. पंखाही थांबला. अजगर मधोमध खचला आणि सावकाश डब्यांवर पसरला. आतून मुलांची किंकाळी उठली.

“पंखा लावा!”

खुशालरावांचा चेहरा उतरला होता. “दोन्ही एकाच खटक्यावर हायेत, साहेब. गाडी हालली तं पोरायच्या अंगावरचं कापड चाकात जाईन.”

खुशालराव पुढच्या टोकाकडे धावले. वकील अजगराच्या तोंडातून रांगत आत शिरले. आत काळोख होता, तापलेल्या रबराचा वास होता. पुढची मुले कापड वर ढकलून, रडत एकेक बाहेर पडत होती. त्या रडण्यात स्वरालीचा आवाज नव्हता. त्यांनी हाका मारल्या. दोरी तुटली असेल, डबा उलटला असेल, पोर गुदमरली असेल: आयुष्यभर दुसऱ्यांविरुद्ध वापरलेली बुद्धी आता प्रत्येक शंकेला आधार पुरवीत होती.

हाताला डब्याची कड लागली. मग एक सँडल, गुडघा, आणि दांड्यावर आवळलेल्या दोन मुठी. इतरांनी हातांनी कापड दूर सारले होते. हिचे हात मोकळे नव्हते. कापड तिच्या तोंडावर चिकटले होते.

त्यांनी पाठीने ते ओझे उचलले. स्वरालीने मोठा, फाटका श्वास घेतला. ते तिला उचलू लागले, पण बोटे दांड्यावरून निघेनात.

“आबा, सोडू?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. अंधारात तिला ते दिसले नाही. ती वाट पाहत राहिली.

“सोड,” ते कसेबसे म्हणाले.

बोटे एकेक करून उघडली. त्यांनी आपला हात तिच्यापुढे धरला. तिने तो लगेच घेतला नाही.

“हा कधी सोडायचा?” तिने विचारले.