मऊ बर्फ

बर्फाची पट्टी ताकद मोजायच्या काट्याखाली दाबली न दाबली तोच मोडली. जहाजाच्या डिझायनरने दुसरी कापली. तीही मोडली.

"साहेब, बर्फ फारच मऊ झालाय. आज चाचणी नको."

थंड दालनातल्या लांबलचक हौदात बर्फ गोठवायचा आणि त्यातून तेलवाहू जहाजाची छोटी प्रतिकृती ओढून बघायची, हा इथला उद्योग. जहाज छोटं, म्हणून बर्फही त्या मापात कच्चा हवा. त्यासाठी गोठल्यावर दालन जरासं गरम करायचं, आणि नेमकं कुठे थांबायचं हे कळणं हेच सगळं कसब. आज मात्र हीटर जेवणाच्या सुट्टीभर चालू होता. कोणी विसरलं म्हणून नव्हे.

"जहाजाचे मालक येऊन बसलेत," साहेब म्हणाले. "मागच्या दोन्ही वेळा तुमचं जहाज रुतलं. आज रुतलं तर काम दुसरीकडे गेलं म्हणून समजा. इतक्या वर्षांत तुमचं एक तरी जहाज पाण्यात उतरलंय का?"

हे वर्मी लागलं. शेजारी विचारायचे, "तुमची जहाजं कुठे असतात हो?" आणि बायको परस्पर सांगायची, "आमच्या माळ्यावर!"

त्याने तिसरी पट्टी कापलीच नाही.

प्रतिकृती बर्फ चिरत सरळ पलीकडे गेली. मालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही वाजवल्या, पण हातात जाड मोजे होते, आवाज आला नाही. त्याला लाज वाटली. पण आनंद त्याहून जास्त झाला, आणि मग त्याचीच आणखी लाज वाटली.

जहाज बांधून होईपर्यंत खरं सांगू सांगू म्हणता राहूनच गेलं.

मग एका संध्याकाळी मुलगी घरी आली. ती जहाजांवर धाकटी अधिकारी म्हणून काम करायची.

"बाबा, ओळखा माझी नेमणूक कुठे झाली! तुमच्या जहाजावर. मी हट्टाने मागून घेतली."

"घ्या, आता तरी हसा," बायको म्हणाली.

तो म्हणाला, "जाड बर्फ दिसला तर… मागे फिरायला सांग."

"अहो बाबा, बर्फ फोडायलाच तर बांधलंय ना तुम्ही ते!"

सांगायची वेळ हीच होती. तो उठला, आत जाऊन थंड दालनातले आपले हातमोजे घेऊन आला आणि तिच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवले. तिने ते लगेच घालून बघितले. तिला ते फार मोठे होत होते.