डावीकडं वळताना

गाडी डावीकडं वळवली की हँडलातून 'कुईं' आवाज यायचा. उजवीकडं वळवली की नाही. सरळ रस्त्यावर तर ती अगदी साळसूद. बद्रीनाथला हा साळसूदपणाच खटकत होता.

फुलंब्रीच्या बद्रीनाथला आपल्या मोटारसायकलीला कुणी हात लावलेला खपत नसे. पण पंधरा दिवसांमागं त्रिंबकानं ती पाचोडच्या बाजाराला जायला मागितली, आणि त्याला नाही म्हणवेना. मेंढरांमागं हयात काढलेला त्रिंबक भजनी मंडळाचा पखवाज वाजवायचा. अठरा वर्षं बद्रीनाथ मंडळात गात होता आणि तो साथीला होता. बद्रीनाथ श्वास कुठं घेणार, हे त्रिंबकाच्या थापेला आधी कळायचं.

बाजाराहून गाडी परत आली ती धुऊनपुसून. दुसऱ्या दिवशी वेशीच्या वळणावर पहिल्यांदा 'कुईं' ऐकू आलं.

"गाडी धुवायला त्याला कुणी सांगितलं व्हतं?" त्यानं बायकोला विचारलं.

"आता धुतली हेबी वंगाळ व्हय?" द्वारकाबाई म्हणाली. "आवो, चांगलं केलं की त्यांनी."

"मागून नेलेली गाडी माणूस फार तर पुसून देतो. धुऊन कधी देतो? काही झाकायचं असलं की."

मग तो गाडीपुढं उकिडवा बसला. हँडलाच्या गळ्याखाली बोट फिरवलं, तर बोटाला ताजं तेल लागलं. त्यानं तर लावलं नव्हतं! दिव्याच्या कडेला एक ओरखडा दिसला. तो जुना की नवा, हे काही केल्या आठवेना. म्हणून तो नवाच ठरला. अभंग म्हणतानासुद्धा त्याच्या मनात पाचोडचा रस्ता येऊ लागला. कुठल्या वळणावर पडली असंल? कोण व्हतं संगं? उचलली कुणी?

संध्याकाळी पारावर सप्त्याची बैठक भरली होती. चार माणसांदेखत त्यानं विचारलंच.

"तिंबक, गाडी कुठं आपटली व्हती का रे?"

"नाय बा."

"मग हँडलाला तेल कुणी सोडलं?"

त्रिंबकानं मान खाली घातली. "म्याच. पाचोडच्या अलीकडं कुरकुरायला लागलं, म्हणून सोडलं थोडं."

"अन् मला सांगितलं नाय?"

"सांगितलं असतं तर तू मलाच धरलं असतं."

"बघा! कबूल करतोय गडी!" बद्रीनाथ सगळ्यांकडं वळला.

पारावर हशा पिकला. कडूबा म्हातारा म्हणाला, "अरे, गाडी हाय का नवरी? जाऊ दे की." पण बद्रीनाथचा आवाज चढला होता. "काल्याच्या कीर्तनाला दुसरा पखवाजवाला बघा. माझ्याशी खोटं बोलणाऱ्याच्या साथीला म्या गाणार नाय."

कुणी हसलं नाही. त्रिंबक उठला, धोतराची धूळ झटकली आणि निघून गेला. तो मागं वळून काही बोलला नाही, हेही बद्रीनाथनं मनात नोंदवून ठेवलं. निर्दोष माणूस भांडला नसता का?

आता पुरावा पाहिजे होता. फुलंब्रीतले मिस्त्री सगळे त्रिंबकाच्या ओळखीचे; ते कशाला खरं सांगतील? म्हणून काल्याच्या आदल्या दिवशी त्यानं जिल्ह्याचं सबंध शहर ओलांडून गाडी पडेगावला मुनीरचाचाकडं नेली.

चाचानं पुढचं चाक अधांतरी केलं आणि कान लावून हँडल हळूहळू फिरवलं. मग सगळ्या केबली सोडवून पुन्हा फिरवलं. कुईं!

"केबल का नै है ये," चाचा म्हणाला.

"पंधरा दिवसांमागं आपटल्यानं वाकलं असंल बघा आतून," बद्रीनाथ म्हणाला.

"वाकलं असतं तो गाडी एक बाजू खींचती. खींचती क्या?"

"नाय."

चाचानं मोठा नट खोलला. हँडल ज्या छर्‍यांवर फिरतं ते छर्रे बाहेर काढले. ते गंजून एकमेकांना चिकटले होते, आणि त्यांच्यावर लालसर थर चढला होता. चाचानं तो बोटावर घेऊन हुंगला आणि बद्रीनाथकडं बघितलं.

"इधर नारियल फोडते क्या तुम?"

गाडी घेतल्यापासून, चार वर्षं, दर अमावास्येला बद्रीनाथ हँडलाला हळदकुंकू लावून नारळ वाढवायचा, आणि नारळाचं पाणी हँडलावरच सोडायचा. हे काम त्यानं द्वारकाबाईलासुद्धा कधी करू दिलं नव्हतं.

"पानी अंदर उतरा, ग्रीस धुल गया," चाचा म्हणाला. "ये जंग महिनों का है, सेठ. पंद्रह दिन का नै. जिसने उपर से तेल डाला ना, उसकी मेहरबानी समझो. नै तो चलते में हँडल अटकता."

नवे छर्रे, नवं ग्रीस पडलं. कुंकवाचा तो थर चाचानं फडक्याला पुसला नाही. कागदावर खरवडून पुडी बांधली आणि बद्रीनाथच्या हातात दिली. "पूजा का है. मेरेसे फेका नै जाता."

परतीच्या सगळ्या वळणांवर गाडी गप्प होती. ती गप्प होती म्हणूनच बद्रीनाथला रस्ता जड गेला.

त्रिंबक मेंढरं वाड्यात घालत होता. बद्रीनाथनं सगळं सांगितलं, अगदी नारळासकट. त्रिंबकानं शेवटचं मेंढरू आत घेऊन फाटक लावलं.

"मला काहून सांगतो? म्या गाडी पाडली नाय हे मला ठाऊकच हाय की. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग."

काल्याच्या दिवशी मांडव भरला. कीर्तनाला बुवा उभे राहिले तसा बद्रीनाथ टाळ खाली ठेवून पुढं आला. त्यानं बुवांच्या पाया पडून परवानगी मागितली आणि माणसांकडं तोंड करून सगळं सांगितलं. हँडलावर नारळ म्हणताच बायकांत खसखस पिकली. द्वारकाबाईनं पदरात तोंड लपवलं. "तिंबक खोटं बोलला नव्हता. खोटा म्या व्हतो," एवढं म्हणून त्यानं मांडवापुढं हात जोडले.

मांडवाच्या कडेला बसलेला त्रिंबक उठला. पुढं येऊन त्यानं पखवाज मांडीवर घेतला आणि नाद खोल निघावा म्हणून त्याच्या डावीकडच्या तोंडाला कणीक लावायला हात पुढं केला. बद्रीनाथनंच घाईघाईनं कणीक मळून दिली. त्रिंबकानं ती थापली, एक थाप मारली आणि तोंड वाकडं केलं.

"पातळ झाली. पीठ आण."

बद्रीनाथ पीठ आणायला पळाला. तोवर बुवा हसत उभेच राहिले, आणि सगळा मांडव पिठासाठी थांबला.