ओरिल्डाचा दोर

केमन ब्रॅक बेटावर ज्या बाईला दोर वळता येत नाही, तिला बायका हसतात. ओरिल्डाला कोण हसणार? तिचा दोर म्हणजे दगडावरची रेघ! दुकानदार ॲन्स्ली तो न तपासताच घ्यायचा आणि बदल्यात पीठ, रॉकेल द्यायचा.

पण त्या वर्षी मेलीची बुद्धी फिरली. दोरासाठी रुपेरी पामची पात आणायची तर कड्यावर काट्यांतून चढावं लागतं. हात ओरबाडून निघतात. ओरिल्डाला आला कंटाळा. तिनं दारातल्याच दुसऱ्या पामची पात, बैलपात, दोराच्या पोटात भरली आणि वरून रुपेरी पात वळली. बैलपात खाऱ्या पाण्यात कुजते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. ‘जमैकाला जाणारा दोर, कोण बघतंय!’ असं तिनं मनाला समजावलं. एकदा खपलं, मग सवयच लागली.

आणि ॲन्स्लीनं नेमका तो दोर बेटावरच ठेवला. कासवं धरायला निघालेल्या कॅप्टन ऑल्डनच्या गलबताला त्यानं दोन वेटोळी दिली. एक ओरिल्डाचं, दुसरं आंधळ्या वायनीमावशीचं. ओरिल्डाला दोर वळायला शिकवलं ते याच मावशीनं.

दीड महिन्यानं माणसं परतली ती परक्या होडीतून. नांगराचा दोर तुटून गलबत खडकावर फुटलं होतं. ऑल्डन लंगडत उतरला, हातात दोराचं तुटकं टोक.

“मावशी, डोळे गेले तेव्हाच वळणं सोडायचं होतंस! चौदा जणांचा जीव जात होता.”

“माझाच कशावरून रे?”

“मग काय ओरिल्डाचा?”

सगळा किनारा हसला. वायनीमावशीनं ते टोक चाचपलं, पेड उलगडून पोटातली पात बोटांनी चुरली आणि थबकली.

“ओरिल्डा आहे का गं इथं?”

“आहे, मावशी.”

मावशीनं टोक ऑल्डनच्या हातात परत ठेवलं. मग म्हणाली, “माझाच आहे दोर. हात थकले आता.”

“झालं तर! उद्यापासून तुझा दोर नको,” ॲन्स्ली म्हणाला. “तुझा वाटा ओरिल्डा वळेल.”

ओरिल्डाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीची चूल त्या दोरावरच पेटत होती.

“दोर माझा आहे!” ती ओरडली. “मीच बैलपात घातली त्यात!”

ऑल्डनचे डोळे भरून आले. “बघा रे! म्हातारीच्या घासासाठी स्वतःचं नाव बुडवायला निघाली. शिष्या असावी तर अशी!” त्यानं ते टोक समुद्रात भिरकावलं.

“अहो, खरंच सांगतेय!” ती रडकुंडीला आली. ती जितकं सांगे, तितकं लोक तिला डोक्यावर घेत. बायकांनी तर तिला मिठ्याच मारल्या.

गर्दी पांगल्यावर वायनीमावशीनं तिचा तळवा हातात घेतला आणि त्यावरून सावकाश बोटं फिरवली.

“यंदा एकही काटा लागला नाही गं तुला,” ती म्हणाली.