पाण्यासारखं दिसलं म्हणून

मी अमरावतीच्या एका कॉलेजातला, बरणीत ठेवलेला जुना मासा आहे. बोटभर लांब, अंगाने चांदीचा, पोटाच्या कडेला करवतीसारखे दाते. मित्रांनो, शांत दिसतो म्हणून फसू नका. मी रागावलेला आहे.

माझा जन्म पूर्णेच्या डोहातला. तानुबाईच्या जाळ्यात सापडलो तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. "ने वं बाई ह्याले," ती संशोधन करणाऱ्या मैथिलीला म्हणाली. "नुसते काटे हायेत. मांजरबी तोंड लावत नाही."

मैथिलीने माझं पोट बघितलं आणि तिचे डोळे चमकले. समुद्रातल्या तारलीलाही असेच दाते असतात. मग समुद्रापासून इतक्या दूर वऱ्हाडात हा कोण? तारलीच्या घरचा की मांदेलीच्या?

पूर्वी माणसं आमची कुळं हाडं, दात आणि खवले बघून लावत. आता पेशींतली जनुकं जुळवून बघतात. त्यातून कळलं, की एका घरात बसवलेले काही मासे एकमेकांचे फार लांबचे, आणि परके समजलेले जवळचे. तोंडावरून नातं सांगता येत नाही. माझ्याही अंगाचा तुकडा मोठ्या प्रयोगशाळेत जायचा होता. तिथे नंबर लागेपर्यंत मैथिलीने मला स्पिरिटमध्ये ठेवलं, कारण स्पिरिटमध्ये जनुकं टिकतात. फॉर्मलिन हे दुसरं, विषारी औषध; त्यात मासा टणक राहतो, पण जनुकांची माळ तुटते, तिला गाठी पडतात. म्हणून तिने चिठ्ठी लावली: 'फक्त स्पिरिट'. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाडीत तिच्या एका खांद्यावर लेकीची, खुशीची, दुधाची पिशवी होती आणि दुसऱ्यावर माझी. दोन्ही पिशव्या तिने एकमेकींना शिवू दिल्या नाहीत.

नंबर लागायला दोन पावसाळे गेले. तेवढ्यात कॉलेजात तपासणी समिती येणार असं ठरलं. लगेच भिंती रंगल्या, कुंड्या उगवल्या. विभागाचे प्रमुख केदार सर फडताळासमोर आले. माझं स्पिरिट उडून थोडं कमी झालं होतं. "हाताच्या चिठ्ठ्या काय लावून राहिले हे लोक!" असं म्हणत त्यांनी मैथिलीची चिठ्ठी खरवडली, छापील लेबल डकवलं: 'मासा'. आणि टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीतून मला काठोकाठ भरलं. भिंतींच्या ताज्या रंगापुढे त्यांना दुसरा वास आलाच नाही.

अंगाची आग झाली. मेलेल्याची आग होत नाही म्हणता? बरणीत येऊन बघा.

दुसऱ्या दिवशी मैथिली तुकडा काढायला आली. लेकीला ठेवायला घरी कुणी नव्हतं, म्हणून खुशी कडेवर. मला उचलायला तिने पोरीला खाली सोडलं, तर पोरीने टेबलाच्या कडेची तीच पाण्याची बाटली ओढून तोंडाला लावायला घेतली.

"खुशी!" मैथिलीने बाटली हिसकावली. झाकण उघडताच तिचं नाक जळालं, डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने माझी बरणी उघडली. तोच वास. बाटली घेऊन ती केदार सरांपुढे उभी राहिली.

"सर, ह्या बाटलीत फॉर्मलिन आहे!"

"असेल न मॅडम. पाण्यासारखंच तर दिसते."

"माझी लेक पीत होती, सर."

"पेली तर नाही न? काहून एवढा गहजब करून राहिल्या? आणा दुसरी मासोळी."

"कुठून आणू? तानुबाईच्या जाळ्यात तेव्हापासून एक आली नाही. नुसती ती बाहेरून आणून सोडलेली तिलापी येते."

सर चष्मा पुसत राहिले. तिने तरी तुकडा पाठवला. प्रयोगशाळेने हात टेकले. माझ्यातलं काहीच वाचता येईना.

आणि समिती? "वा, काय टवटवीत मासा!" त्यातले एक साहेब म्हणाले. सर हसले. माझं तोंड उघडंच होतं, पण आवाज निघेना.

मित्रांनो, तुमच्याकडे फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवतात न? ओट्याखाली फिनेल पाण्याच्या बाटलीत असतं न? हात लावू नका. मोठ्यांना ओढत न्या, आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहून घेतल्याशिवाय त्यांना सोडू नका. ते "असू दे, नंतर" म्हणतील. तेव्हा चिडा. माझ्या वाटचंही चिडा.

माझं कूळ गेलं. मैथिलीने ते छापील लेबल काढून आपल्या हाताने नवी चिठ्ठी लावली आहे: 'कूळ वाचता आलं नाही. चूक आमची.' पुढच्या तपासणीआधी ती खरवडायला जो हात येईल, तो मी बघणार आहे. डोळे मिटायची सोय माशाला नसते.