भाऊजींनी परत केलेला तंबू

सरकारी जंगलात मुक्कामाला जायचं ठरलं, तसा शिंपीणबाईंनी माळ्यावरचा तंबू काढला. गेल्या वर्षी दिराने तो मासे धरायला नेला होता आणि ओलाच गुंडाळून परत आणून टाकला होता. चेन उघडताच असा भपकारा आला की बाईंना उमासेच आले. आत काळी बुरशी, आणि कोपऱ्यात आमिषाच्या अळ्या कापडाला चिकटून वाळलेल्या.

त्यांनी तडक फोन लावला.

"वहिनी, उन्हात टाका, वास जातो," दीर हसत म्हणाला. "मीही येतोय हं!"

"या की भाऊजी. आम्ही तिथं खोली घेतोय. तंबू अख्खा तुम्हालाच."

"नको... मला काम आहे तेव्हा."

बाईंनी तंबू कचऱ्यात टाकला. हात कितीदा धुतले, तरी त्यांना जेवण जाईना.